हुंकाराचा मालक

ही गोष्ट अजून घडायची आहे. पण फार वाट बघावी लागेल असं वाटत नाही.

इचलकरंजीत विरूपाक्ष तेरदाळेचं, म्हणजे विरूअण्णाचं, यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. धोटे, पिकर, पट्टे, स्प्रिंगा. दुकान हा जोडधंदा, मुख्य धंदा उचापती. दुकानाशेजारच्या भिंतीवर अख्खी पेठ मावा खाऊन थुंकायची. देवांच्या फरश्या लावून झाल्या, शिव्या लिहून झाल्या, कुणाला काही फरक नाही. मग अण्णानं पाटी लावली, 'या भिंतीवर थुंकण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतलेले आहे. विनापरवाना थुंकल्यास कायदेशीर कारवाई होईल.' दुसऱ्या दिवसापासून भिंत कोरडी. देवाला न भिणारी माणसं पेटंटला भ्याली.

ते बघून त्याचा दोस्त ॲडव्होकेट बाहुबली चौगुले म्हणाला की यापेक्षा येडपट पेटंट खरोखरचं काढता येतं, फक्त भाषा अवघड पाहिजे. चहाच्या टपरीवर पैज लागली, एका मिसळीची. कशाचं काढायचं, एवढंच ठरायचं होतं. अण्णा तेव्हा कसलीशी थाप सांगत होता आणि टपरीवाला कप विसळता विसळता 'हं... हं' करत होता. अण्णानं त्याच्याकडं बोट दाखवलं. याचं काढ. हं-चं.

बाहुबलीनं सतरा पानं लिहिली. 'बोलणाऱ्याच्या स्वरातील विराम ओळखून त्यास अल्पकालीन अनुमोदन-ध्वनी पुरवण्याची, व त्याद्वारे संभाषण अखंड राखण्याची पद्धती व उपकरण.' सोबत चार आकृत्या. एका आकृतीत नुसता कान होता. दोन वर्षांनी पेटंट मंजूर होऊन आलं. अण्णानं ते फ्रेम करून दुकानात बसवेश्वरांच्या तसबिरीखाली लावलं, हरलेली मिसळ बाहुबलीला चारली आणि विसरून गेला.

पुढं नऊ वर्षांनी ऑर्बेलो कंपनीचे फोन घराघरांत पोचले, आणि त्यांच्याबरोबर 'सोबत' आली.

सोबत काय करायची ते समजायला आधी हं समजला पाहिजे. माणूस बोलतो तेव्हा ऐकणारा दर चार-सहा सेकंदांनी हं, बरं, मग, असं काहीतरी टाकत असतो. आपल्याला ते फुकटचं वाटतं. पण प्रयोगात हे आवाज काढून टाकले की बोलणारा अडखळायला लागतो, गोष्ट आवरती घेतो, शेवट गुंडाळून टाकतो, आणि असं का झालं हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. शिवाय हं वेळेवर पडावा लागतो. बोलण्याच्या टोकाला सूर जरासा उतरतो, श्वासाआधी एक फट पडते, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी. त्या फटीत हं पडला तर गाडी पुढं सरकते. उशिरा पडला तर वाटतं, याचं लक्ष नाही.

कंपनीचं मूळ दुखणं साधं होतं. रेंज खराब असली की आधी गळतात ते हे बारके आवाज. म्हणून गळालेला हं यंत्रानं भरून काढायचा असं ठरलं. त्यासाठी फोन पहिल्या महिन्यात तुमचेच शे-दोनशे हं साठवून घ्यायचा. मग यंत्र फट कुठं पडणार हे आधीच ओळखायला लागलं. आणि ओळखता आलं म्हटल्यावर गळायची वाट कोण बघतो? तुम्ही फोन ओट्यावर ठेवून भाजी फोडणीला टाका, नाहीतर झोपा. तुमच्या आवाजात, तुमच्या ढंगात हं जात राहायचा. बंद करायचं बटण नव्हतं. बटण दिलं असतं तर समोरच्याला कळलं असतं. हे सगळं करारनाम्याच्या त्रेचाळिसाव्या पानावर स्वच्छ छापलेलं होतं. चार वर्षांनी ते पान वाचणारा जगातला पहिला माणूस बाहुबली चौगुले.

तो पान घेऊन पळतच दुकानात आला. "विरू, मर्दा, मिसळ सोड. हत्ती घावलाय."

दावा दाखल झाला. पहिल्या दिवशी लोक हसले, दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागले. 'हं आमच्या हक्काचा', खाली विरूअण्णाचा गॉगल घातलेला फोटो आणि भोवती अकरा शुभेच्छुक. टपरीवर हं म्हणायच्या आधी माणसं अण्णाची परवानगी मागायची. एका प्राध्यापकांनी पेपरात लिहिलं की हं-वर पेटंट चालत असेल तर उद्या कुणी शिंकेवर घेईल. त्यांना पंचवीस उत्तरं गेली की, सर, शिंकेचा अर्ज आमच्या पाहुण्यांनी टाकलाय. दावा खोटा आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आणि मजा त्यातच होती. आपल्या खऱ्या तक्रारीला ज्या कंपनीनं 'आपण रांगेत आहात' म्हणून तासतास गाणी ऐकवली, तिला आता आपली खोटी तक्रार उभं राहून ऐकून घ्यावी लागत होती.

अण्णा हा सगळा तमाशा रोज संध्याकाळी अक्काला फोनवर सांगायचा.

शिवक्का त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई-बाप लवकर गेले, हिनं त्याला वाढवलं. मागांच्या शेडमध्ये वीस वर्षं धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरल्या. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचं ओरडणं ऐकू यायचं नाही, पण शाळेतनं आलेला विरू मशीनशेजारी बसून बडबडायचा आणि ती त्याच्या तोंडाकडं बघत हं द्यायची. नंतर नवऱ्याच्या घरी निपाणीला गेली. नवरा वारला, ती तिथंच राहिली. निपाणी म्हणजे तासाभराची वाट. पण रोज अर्धा तास बोलणं होतंय म्हटल्यावर जायचं कशाला? तीही गेल्या दोन दिवाळ्यांना आली नव्हती. गुडघा दुखतो, असा शेजारणीकडून निरोप. फोनवर अक्का फारसं बोलायची नाही. खरं सांगायचं तर अण्णा तिला सवडच द्यायचा नाही. "अक्का?" "हं." "जेवलीस?" "हं." की याची गाडी सुटलीच. पण तिच्या हं-मध्ये हसू असायचं, काळजी असायची. तो हं नसता तर अण्णाच्या निम्म्या उचापती झाल्याच नसत्या, कारण उचापत करायची ती रात्री अक्काला सांगायला.

तिसऱ्या तारखेला कोर्टानं एक हुकूम काढला. उल्लंघन किती झालं ते ठरवायचं तर यंत्राचे हं किती ते कळलं पाहिजे. कंपनीनं प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या फोनवर कुणाकडून कसले हं आले त्याचा तक्ता दाखवावा. ज्याला दावेदार व्हायचंय त्यानं तो उघडून नाव नोंदवावं. तोंडानं दिलेला हं हिरवा, यंत्राचा निळा.

बाहुबलीनं पेढे वाटले. हजारो दावेदार मिळणार होते.

पहिले दोन दिवस गावात खदखदून हसणं चाललं. तुझा मेव्हणा निळा, माझा साहेब निळा. तिसऱ्या दिवशी हसणं कमी झालं. एका माग दुरुस्तीवाल्यानं विजापूरच्या आईचा तक्ता उघडला आणि दुकानात येऊन नुसताच स्टुलावर बसून राहिला, काही न घेता उठून गेला. साखरपुडा झालेल्या एका पोरीनं आठ महिन्यांचं बोलणं वरपासून खालपर्यंत तपासलं. चौदा हिरवे सापडले. तीस वर्षांचे भागीदार असलेले दोघं सायझिंगवाले, म्हणजे सुताला खळ लावणारे, एकमेकांना एवढंच विचारायला लागले, "मी आत्ता काय म्हणालो?"

आठवड्यानं आणखी एक गोष्ट अण्णाच्या ध्यानात आली. टपरीवर माणसं समोरासमोर बसूनही बोलत नव्हती. कुणीतरी सुरू करायचं, दोन वाक्यं जायची, समोरचा हं म्हणायचा, खराखुरा, तोंडानं. पण तो जरासा उशिरा यायचा. किंवा जरासा लवकर. चार वर्षं सगळ्यांच्या कानांना त्या नेमक्या फटीची सवय लागली होती; आता माणसाचा हं चुकीच्या जागी पडल्यासारखा वाटायचा. बोलणारा दचकायचा, धागा सुटायचा, चहा संपायचा. गजबजलेली टपरी, पंधरा-वीस माणसं, आणि आवाज फक्त स्टोव्हचा. सगळे एकमेकांच्या ओठांकडं बघत बसलेले.

मग शिष्टमंडळ आलं. फ्लेक्सवरच्या अकरांपैकी नऊ जण. त्यांचं म्हणणं असं की अण्णानं दावा काढून घ्यावा. झालं ते झालं, तक्ते बंद व्हावेत आणि सोबत चालू राहावी. अण्णानं हसून विचारलं की कालपर्यंत तर चोरलाय म्हणत होता. त्यातला सगळ्यात वयस्कर पुढं झाला. "चोरू दे की अण्णा. आमची म्हातारी बडोद्याला लेकाशी बोलती म्हणून जगालीय. हं कुणाचा का असंना, यायला पाहिजे बघ."

त्या संध्याकाळी अण्णानं अक्काचा तक्ता उघडला. तोपर्यंत तो उघडायचं टाळत होता. फिर्यादी म्हणून त्याचा स्वतःचा तक्ता कोर्टात द्यावाच लागणार होता, म्हणून बाहुबली शेजारी बसला होता. वरच्या बाजूला हिरवा होता, दाट, उसाच्या फडासारखा. मग विरळ होत गेला. गेल्या वर्षीच्या मार्चपासून एकही हिरवा नाही. सोळा महिने, रोज अर्धा तास, नुसता निळा.

बाहुबली काहीतरी समजुतीचं बोलला. अण्णाला ऐकू आलं नाही. तो मनात हिशेब लावत होता की मार्चनंतर आपण अक्काला काय काय सांगितलं. छातीत कळ येते हे फक्त तिलाच सांगितलं होतं. ती हं म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो निपाणीला गेला. घराशी पोचला तेव्हा पाच वाजले होते. दार आतनं लावलेलं. त्यानं कडी वाजवली, हाक मारली, पुन्हा वाजवली. मग कडेच्या बोळात जाऊन खिडकीच्या काचेतनं बघितलं. अक्का आत पलंगावर बसून लसूण सोलत होती, दारापासून पाच पावलांवर.

का कोण जाणे, त्यानं काचेवर थाप मारली नाही. फोन काढला आणि तिला लावला.

अक्काच्या मांडीजवळचा फोन थरथरला. तिनं हात पुसले, फोन उचलला आणि कानाला नाही, छातीला लावला. दोन्ही हातांनी, मांजराचं पिल्लू धरावं तसा.

"अक्का?" अण्णा म्हणाला.

"हं," त्याच्या कानात आलं. ऊबदार, हसरा, तिचाच. काचेपलीकडं अक्काचे ओठ मिटलेले होते.

त्याला फोन बंद करायचा होता. पण हं आला होता, आणि हं आला की पुढचं वाक्य आपसूक बाहेर पडतं. तो बोलायला लागला. कोर्ट, शिष्टमंडळ, टपरी. त्याचा सूर उतरला की कानात हं पडायचा, अगदी फटीत, आणि डोळ्यांसमोर ते तोंड हलायचं नाही. मग एकदा हललं. अण्णा वाक्याच्या ऐन मध्यावर असताना अक्कानं समोरच्या भिंतीकडं बघत मान डोलावली, आणि तिचे ओठ उघडले नि मिटले. हं. बाहेर कानात काहीच आलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा. पुन्हा भलत्याच जागी. ती हसत होती, मधेच काळजीनं भुवया आवळत होती. कुठलीतरी दुसरीच गोष्ट ऐकत असल्यासारखी.

"अक्का, मी मेलोय," अण्णा म्हणाला.

"हं," कानात आलं.

बोळाच्या तोंडाशी शेजारची हसीनाभाभी उंबऱ्यावर सूप घेऊन बिड्या वळत होती. तिनं त्याला ओळखलं आणि हातातली बिडी खाली ठेवली. तिच्याकडून सगळं कळलं. शिवक्काला दीड वर्ष झालं काडीचं ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, जन्म मागांच्या खडखडाटात गेला, नस मेलीय. विरूला सांगू नको, अशी तिनं भाभीला मुलाच्या गळ्याची शपथ घातली होती. रोज सहाच्या सुमाराला फोन गुरगुरतो, ती छातीला लावते, गुरगुर थांबेपर्यंत बसून राहते.

"मी म्हनलं, अक्का, कायबी कळत न्हाई तर कशाला धरून बसतीस?" भाभी म्हणाली. "तर म्हनती, हं दिला न्हाई तर त्याला बोलाय येत न्हाई."

अण्णा दार वाजवायला वळला आणि थांबला. सोळा महिने आपल्याशी कुणीतरी खेळ खेळतंय आणि आपल्याला पत्ता नाही, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. दुसऱ्यानं एवढ्या कष्टानं लावलेला खेळ मोडू नये, एवढं इमान प्रत्येक उचापतखोराला असतं. तो तसाच माघारी आला.

बाहुबलीला विचारल्यावर उत्तर चव्वेचाळिसाव्या पानावर निघालं. अवेळी दिलेला हं बोलणाऱ्याचा रसभंग करतो, म्हणून यंत्र तो गाळून टाकतं आणि त्याजागी वेळेवरचा घालतं. तक्त्यात फक्त पोचलेले हं मोजतात. गाळलेल्यांना रंगच नाही.

म्हणजे अक्का रोज हं देत होती, आणि एकही अण्णापर्यंत येत नव्हता.

आता दाव्यात एकच गोष्ट उरली, निदान अण्णासाठी. पेटंट टिकलं तर मालक म्हणून परवाना द्यायचा की नाही हे त्याच्या हातात. नाही दिला की सोबत बंद. पेटंट पडलं तर सोबत कायमची, आणि अक्काचा हं कायमचा गाळात.

साक्षीच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीचे वकील मुंबईचे, बारीक आवाजाचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी सतरा पानांवरचा एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना फक्त एवढं दाखवायचं होतं की हे अण्णाच्या आधीही कुणीतरी करत होतं. एक माणूस पुरे होता. लहानपणी घरी गोष्टी कोण सांगायचं, असं त्यांनी विचारलं. मीच, असं अण्णा म्हणाला, आणि लोक हसले.

"ऐकायचं कोण?"

बाहुबलीनं मान खाली घातली. अण्णाला शेडमधला कापसाचा धुरळा दिसला, त्यात भरणाऱ्या कांड्या, आणि आपल्या तोंडावर खिळलेले दोन डोळे. खरं सांगितलं तर अक्का नोंदली गेली असती, सरकारी शिक्क्यासकट. तिच्याआधी कुणी नाही, असं. पण पेटंट तिथंच पडलं असतं.

"कुणी न्हाई," अण्णा म्हणाला.

"मग तुम्हाला हं कोण द्यायचं?"

"कुणीच देत नव्हतं, साहेब. म्हणून तर शोधायला लागला."

कुणी हसलं नाही. लघुलेखकाची बोटं तेवढी हलली. आयुष्यभर अण्णानं थापा मारल्या, पण शपथेवर मारलेली ही पहिलीच, आणि ती अशी बसली की मुंबईच्या वकिलांनीही पुढचा कागद उलटला नाही.

महिन्याभरानं हुकूम आला. अंतिम निकालापर्यंत, मालकाच्या परवान्याशिवाय सोबत चालवता येणार नाही. बाहुबली परवान्याचा मसुदा घेऊन आला. अण्णानं तो वाचलाही नाही. कंपनीची माणसं आली, फ्लेक्सवरचे नऊ जण पुन्हा आले, या वेळी ओरडत. बडोद्यात मुलगा असलेली ती म्हातारी स्वतः आली. नुसती अण्णाकडं बघत उभी राहिली. अण्णानं तिला बसायला स्टूल दिलं आणि नाही म्हणून सांगितलं.

शुक्रवारी पाचला सोबत बंद झाली. सहा वाजता पेठेत माणसं फोन कानाला लावून उभी होती, घराच्या ओट्यांवर, गाड्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, आणि एकामागून एक फोन खाली येत होते. कुणी रागावत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. दोन वाक्यं बोलायची, वाट बघायची, मग फोनकडं बघायचं आणि खिशात टाकायचा.

अण्णानं दुकानात आतल्या खुर्चीवर बसून निपाणीला फोन लावला. पलीकडं उचलला गेला. लुगड्यावर घासल्याची खरखर ऐकू आली.

"अक्का, आज काय झालं म्हाईत हाय काय," त्यानं सुरुवात केली आणि थांबला.

काही नाही.

"त्यो बाहुबली आला. कागद घेऊन. मी म्हणलं..."

काही नाही. पुढचं वाक्य तयार होतं पण बाहेर येईना. ज्याच्या जिभेला पन्नास वर्षांत कधी गाठ पडली नव्हती, तो विरूअण्णा बाहुबलीनं काय कागद आणला ते सांगू शकत नव्हता. ही शांतता रिकामीही वाटत नव्हती. तिच्यात कुणीतरी श्वास घेत होतं. त्याला वाटलं ठेवून द्यावा फोन. त्यानं डोळे मिटून कसाबसा एक शब्द पुढं ढकलला, आणि तो शब्द अर्धा असताना:

"हं."

अण्णानं फोन कानापासून लांब धरला. हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. यंत्राजवळचे अक्काचे हं चार वर्षांपूर्वी भरून घेतलेले होते. गेले सोळा महिने तोच आवाज तो ऐकत आला होता. हा जाड होता, फाटका, उंच-सखल. स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचा. आडाच्या तळातून कुणा म्हातारीनं ओ द्यावी तसा.

"कोण बोलतंय?" त्यानं विचारलं.

बराच वेळ काही नाही. रस्त्यावरनं एक टेम्पो गेला. आणि मग, त्यानं काहीच सांगितलेलं नसताना, सूर उतरलेला नसताना, कुठलीच फट पडलेली नसताना:

"हं."

अण्णानं फोन दोन्ही हातांनी धरला, आणि त्या अनोळखी बाईला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.